सराव स्पर्धा बंद झाली त्या वर्षाचा जमाखर्च

कुठल्याही मंडळात अध्यक्षाकडे हार जमा होतात, सचिवाकडे पत्रं जमा होतात आणि खजिनदाराकडे किस्से. त्याचं कारण साधं आहे. पैसे देणारा माणूस नुसते पैसे देत नाही, सोबत काहीतरी ऐकवतो. न देणारा तर त्याच्या दुप्पट ऐकवतो. आंधळगावच्या आमच्या कबड्डी मंडळाचा मी सोळा वर्षांपासून खजिनदार आहे, म्हणजे सोळा वर्षं ऐकतोच आहे. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिथे मी बोलतो आणि पोरं ऐकत नाहीत. संध्याकाळी मंडळात लोक बोलतात आणि मला ऐकावं लागतं.

खजिनदारकी सोडायची म्हणून मी तीनदा राजीनामा लिहून दिला. तिन्ही वेळा आमचे अध्यक्ष दामूभाऊ एकच वाक्य म्हणाले, "सर, आधी हिशेब पूर्ण करा, मंग सोडा." मंडळाचा हिशेब पूर्ण झालेला मी अजून पाहिलेला नाही. बहुतेक निवृत्तीनंतरही पाहणार नाही.

पण गेल्या वर्षी किस्से जरा जास्तच जमले, आणि सगळे एकाच गोष्टीतून निघाले. आमची सराव स्पर्धा बंद झाली.

*

आधी ही स्पर्धा काय होती ते सांगतो. आमच्या भागात कबड्डीचा खरा हंगाम धान कापून, मळून झाल्यावर सुरू होतो. त्याच्या आधी, निंदण आटोपलेलं आहे आणि कापणीला अजून वेळ आहे, अशा मधल्या दिवसांत आमच्या मैदानावर तीन दिवसांची सराव स्पर्धा व्हायची. तिला ना कप, ना ढाल. आजूबाजूच्या गावांचे संघ यायचे, खेळायचे, अंग मोकळं करायचे आणि घरी जायचे. पण लोक पाहायला यायचे. दहा-दहा रुपयांचं तिकीट काढायचे. दुकानं लागायची, त्यांचं जागाभाडं यायचं. त्या तीन दिवसांच्या कमाईवर आमचे दोन्ही संघ, पोरांचा आणि पोरींचा, वर्षभर गाडीभाडं भरून गावोगावी खेळायचे. बाकीच्या स्पर्धा मानाच्या होत्या. पोटापाण्याची हीच एक.

ती बंद केली आमच्या पाच-सहा गावांच्या संयुक्त समितीने. बैठक मोहाडीला झाली. त्याच्या आधीच्या वर्षी दोन गावांच्या पोरांचे पाय सराव स्पर्धेत मुरगळले होते, एकाचा गुडघाच गेला होता. ऐन कापणीत घरचा कापणारा माणूस खाटेवर पडला, म्हणून त्यांच्या घरचे समितीच्या अंगावर धावून आले होते. त्यांचा राग काही खोटा नव्हता. हे मी तेव्हाही मान्य केलं आणि आताही करतो.

समितीने ठराव केला की खेळाडूंवर ताण येतो, सबब सराव स्पर्धा कायमची बंद. ठरावाला दहा मिनिटं लागली. चहाला पंचवीस.

मी उभा राहून विचारलं, "पण आमच्या मंडळाचा वर्षाचा खर्च कुठून निघायचा?"

समितीचे अध्यक्ष शांत माणूस. कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं, "सर, तुमी उगाच टेन्शन घेऊन राहिले. स्पर्धाच नाही, तर खर्च कायचा?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या दामूभाऊंनीही डोलावली. परतीच्या वाटेवर मोटरसायकलवर मागे बसून मी त्यांना विचारलं की भाऊ, तुम्ही काहून मान डोलावली? ते म्हणाले, "बरोबर वाटलं ना मले तेव्हा."

*

तिकिटांपेक्षा आमच्या स्पर्धेत खरा पैसा माईकवरून यायचा. आमच्याकडची पद्धत अशी की चढाईला कोणी गेलं की पाहणाऱ्यांपैकी एखादा उठतो आणि निवेदकाच्या कानात सांगतो, या चढाईला माझे शंभर. निवेदक ते माईकवर सांगतो, देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, गावासकट. चढाई जिंकली की ते पैसे मंडळाला. आमचा निवेदक शेषराव. त्याने एकदा नाव घेतलं की ते तलावाच्या पलीकडे ऐकू जातं, म्हणून लोक शंभर रुपये सहज सांगतात. सांगण्याचं सुख लगेच मिळतं. देणं मागाहून.

तर स्पर्धा बंद झाल्यावर मी जुनी वही काढली. आधीच्या दोन वर्षांत सांगितलेले आणि न दिलेले पैसे बरेच निघाले. सगळ्यात वर नाव एका भल्या गृहस्थाचं होतं. नाव लिहीत नाही, कारण माझ्या लेखात छापून आलं तर ते त्यासाठी अजून शंभर सांगतील. त्यांच्याकडे आठशे रुपये होते. मी त्यांच्या घरी गेलो.

ते म्हणाले, "देतो ना सर, कायले नाही देणार? पण आता स्पर्धाच बंद. माह्यं नाव कुठी घेणार तुमी?"

मी म्हणालो, नाव तर आधीच घेऊन झालंय.

"ते सांगतल्याचं घेतलं. देल्ल्याचं कुठी घेतलं?"

शेवटी ठरलं असं की शेषरावने माईक आणि भोंगा घेऊन त्यांच्या दारासमोर यावं, आणि मंडळातर्फे त्यांचे आभार जाहीर करावेत. भोंग्याचं भाडं तीनशे रुपये. शेषरावने खरंच मन लावून आभार मानले, वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचंही घेतलं. गल्लीतले लोक जमले. गृहस्थांनी हात जोडले, घरात गेले, आणि पाकीट आणून सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं.

पाकिटात दोनशे होते. मी वहीत लिहिलं, जमा दोनशे, खर्च तीनशे. दामूभाऊ म्हणाले, "चाला, सुरुवात तर झाली."

*

सिंधूमावशी चहा-भज्यांचं दुकान लावतात. वर्षभर बाजाराच्या दिवशी, पण त्यांचं खरं दुकान म्हणजे स्पर्धेचे तीन दिवस. घरावरच्या कवेलूंची डागडुजी, नातवाची शाळेची फी, असं काय काय त्या तीन दिवसांवर ठेवलेलं असायचं. दरवर्षी मंडळाला त्या जागाभाडं म्हणून तीनशे रुपये द्यायच्या, दिवसाचे शंभर. दुसऱ्या कुठल्याही दुकानदाराच्या आधी.

स्पर्धा बंद झाली हे त्यांना सांगायचं कोणीतरी राहूनच गेलं. कोणीतरी म्हणजे मी. मला वाटलं गावभर बोभाटा झालाय, त्यांनाही कळलं असेल. बेसन भरून झालं होतं, तेलाचा डबा आणून झाला होता, आणि ठरलेल्या तारखेला त्यांनी रिकाम्या मैदानाच्या कडेला चूल पेटवली.

शाळा सुटल्यावर मी पाहिलं. धावत गेलो. सॉरी म्हटलं. त्यांनी कढईतून मान वर केली नाही. म्हणाल्या, "बसा सर. लोक येऊन राहिले ना."

खरंच लोक आले. ज्यांना कळलं नव्हतं असे जवळच्या खेड्यांतले पंधरा-वीस जण. त्यांनी मैदान पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि एवढ्या लांब आलोच आहोत म्हणून भजी खाल्ली. काही जण अर्धा तास मैदानाकडे तोंड करून बसलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी तिघे आले. तिसऱ्या दिवशी कोणीच नाही. त्या दिवशीची भजी मावशींनी शाळेच्या पोरांना वाटून टाकली.

चौथ्या दिवशी त्या माझ्या घरी आल्या आणि शंभर रुपये पुढे केले. मी म्हटलं मावशी, नको, तुमचंच नुकसान झालंय, मंडळानेच तुम्हाला द्यायला हवं.

त्या म्हणाल्या, "एका दिवसाचं घ्या. त्या दिवशी धंदा झाला. बाकीचे दोन दिवस तुमच्या पदरात."

मी ते शंभर रुपये वहीत जमा केले. तो आकडा लिहिताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी सोळा वर्षांत कधी वाटली नव्हती.

*

मग प्रायोजकाची टूम निघाली. ही दामूभाऊंची कल्पना. टीव्हीवरच्या कबड्डीत सगळ्यांच्या अंगावर कंपन्यांची नावं असतात, तर आपल्या पोरींच्या अंगावर काहून नको? त्यांच्या ओळखीचा एक पंपवाला होता, शेतातल्या मोटरपंपांचा दुकानदार. तो बारा टी-शर्ट द्यायला तयार झाला. अट एकच. पाठीवर त्याचा मोबाईल नंबर पाहिजे, मोठ्या आकड्यात, मागच्या रांगेतल्या माणसाला वाचता आला पाहिजे असा.

मी सांगितलं की पाठीवर खेळाडूचा नंबर असतो. पंच त्यावरूनच ओळखतो कोण बाद झालं ते. दहा आकडी नंबर पंच कसा वाचणार, आणि बाराही जणींचा नंबर एकच असला तर तो बाद तरी कोणाला करणार?

दामूभाऊंनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी शाळेत आले, भर प्रार्थनेत. "सर, निघाला रस्ता. मोबाईलचे आकडे दहा. पोट्ट्या बारा. एकेकीच्या पाठीवर एकेक आकडा टाकू. रांगेत उभ्या राहिल्या की झाला नंबर."

मी म्हटलं भाऊ, त्यात दोन आकडे तीन-तीनदा येतात. आणि मैदानात एका वेळी सातच जणी असतात.

"मंग बाकीच्या बाजूले बसतील ना, लायनीत."

पंपवाल्याला ही योजना सांगितली. माणूस धंद्याचा होता. बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "म्हंजे एक पोट्टी आऊट झाली का माह्या नंबर तुटला. लोक भलत्यालेच फोन करतीन. त्याचे पंप इकाले मी पैसे देऊ का?"

टी-शर्ट आले नाहीत. दामूभाऊ अजूनही म्हणतात की पोरी जरा कमी आऊट होत असत्या तर जमलं असतं.

*

मधेच संयुक्त समितीचं पत्र आलं. स्पर्धा रद्द करण्याच्या बैठकीचा चहा-नाश्त्याचा खर्च सर्व मंडळांनी समान वाटून घ्यावा असं त्यात होतं. आमच्या वाट्याला एकशे ऐंशी रुपये आले होते. मी भरले. त्यातला नाश्ता मी खाल्ला होता, हे मला नाकारता येत नव्हतं.

*

आता जे झालं ते मात्र किस्सा म्हणून सांगायला मला जड जातं, पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कापणीच्या तोंडावर मंडळाची बैठक बसली. शाळेच्या व्हरांड्यात, आम्ही अकरा जण. पेटीत होते साडेसात हजार. हंगामातली पहिली मोठी स्पर्धा सानगडीला होती, पोरांची वेगळी आणि पोरींची वेगळी. एका संघाला गाडी, प्रवेश फी, दोन दिवसांचं जेवण धरून साडेसहा-सात हजार लागतात. म्हणजे एकच संघ जाणार होता.

अकरा जणांपैकी आठ जणांची पोरं किंवा पुतणे पोरांच्या संघात होते. दामूभाऊ म्हणाले, "पोरीईचं पुढच्या वर्षी पाहू." कोणी विरोध केला नाही.

मीही नाही केला. मला माहीत होतं की पोरगी एक वर्ष घरी बसली की परत मैदानावर येत नाही. घरचे म्हणतात, झालं ना आता खेळून. शाळेत मी हे वीसदा पाहिलंय. पोरींचा हा संघ गेल्या चार वर्षांत घरोघरी जाऊन, बापांना हात जोडून, मी स्वतः उभा केला होता. तरीही मी गप्प बसलो. थकलो होतो, दुसरं काही कारण नाही. दोनशे जमा आणि तीनशे खर्च लिहून लिहून माणूस थकतो आणि मग भलत्या जागी गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रणाली आली. ही पोरींच्या संघाची कर्णधार. माझीच जुनी विद्यार्थिनी, आता भंडाऱ्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. बाप मजुरी करतो, आई मजुरी करते, आणि दोघंही पोरीचा सामना असला की काम बुडवून येतात. मला वाटलं रडेल, भांडेल. तिने एवढंच विचारलं, "सर, किती लागतात?"

मी म्हणालो, सात हजार धर.

ती खिडकीतून बाहेर पाहत मनातल्या मनात हिशेब करत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे दोन एकर."

मला काही कळलं नाही. ती म्हणाली, "ठेक्यानं एक एकर धान कापाचे साडेतीन हजार भेटतात, सर. आम्ही बारा जनी आहो. दोन एकर कापलं का जमते."

*

त्या वर्षी कापणीच्या आधी पाऊस झाला होता. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, चिखल, त्यामुळे हार्वेस्टर आत जाईना. माणसं मिळेनात. ज्याच्याकडे पाहावं तो मजूर शोधत फिरत होता. दामूभाऊंचं दोन एकर धान तसंच उभं होतं आणि वर ढग. त्यांना कोणीतरी सांगितलं की एक बारा जणींची टोळी ठेक्याने कापायला तयार आहे, लगेच लावून घ्या. भाऊ गाडी काढून गावाबाहेरच्या वस्तीत टोळीच्या मुखियाच्या घरी गेले. सोबत मला नेलं, भाव ठरवायला मास्तर बरा असतो म्हणून.

दार प्रणालीने उघडलं.

दामूभाऊ क्षणभर अडखळले. पण अध्यक्ष माणूस, सावरले. बाजेवर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "बाई, साडेतीन जास्त होतात. आपल्याच मंडळाच्या पोरी तुमी. घरचं काम हाय असं समजा. तीन हजारात करून टाका."

प्रणालीची आई आतून पाहत होती. मी जमिनीकडे पाहत होतो.

प्रणाली म्हणाली, "यंदा साडेतीनच, भाऊ. कमी-जास्त पुढच्या वर्षी पाहू."

परत येताना दामूभाऊ गावाच्या वेशीपाशी म्हणाले, "पोट्टी हुशार हाय." मग थोड्या वेळाने, "सर, त्या बैठकीत तुमी तरी बोलाचं होतं." मी म्हटलं, हो, बोलायचं होतं.

चार दिवस पोरी त्यांच्या बांधीत होत्या. मी एकदा संध्याकाळी गेलो. बारा जणी रांगेत वाकून कापत पुढे सरकत होत्या आणि मागे कापलेल्या धानाच्या कडपा नीट एका ओळीत पडत होत्या. शेषरावही आला होता, उगाच, बांधावर बसून मोठ्याने निवेदन करत होता की ही आली डावीकडून, ही निघाली पुढे. पोरी हसत होत्या. सिंधूमावशींनी चहा आणला होता आणि पैसे घेतले नाहीत. मला तो वेळ फार बरा वाटला, हे सांगितलं पाहिजे.

शेवटच्या दिवशी, शेवटच्या बांधीत, अंधार पडायच्या आत संपवायची घाई झाली आणि प्रणालीच्या डाव्या हाताच्या करंगळीवर विळा लागला. पाच टाके पडले. सामन्याला अकरा दिवस होते. डॉक्टर म्हणाले टाके निघतील, पण हाताला धक्का लागू देऊ नका. प्रणाली आणि मी, दोघांनीही हो म्हटलं. कबड्डीत हाताला धक्का लागू न देणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत नसावं.

*

सानगडीच्या स्पर्धेत आम्ही दुसऱ्या सामन्यात हरलो, तेही चांगलेच हरलो. ते आधीच सांगून टाकतो. किस्सा पहिल्या सामन्याचा आहे.

समोर जिल्ह्याबाहेरच्या, लांबच्या एका खेड्याचा संघ होता. दणकट पोरी. त्यांची कर्णधार उजव्या कोपऱ्यात उभी राहायची आणि एकदा तिच्या हातात सापडलेली खेळाडू मध्यरेषेपर्यंत पोचत नव्हती. आमच्या तिघींना तिने तशीच जमिनीला खिळवून ठेवलं. प्रणालीच्या करंगळीला पट्टी होती, वरून चिकटपट्टी गुंडाळलेली. पंचाने पाहिलं, विचारलं, आणि खेळू दिलं.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा गुण सारखे होते. शेवटची चढाई आमची. प्रणाली गेली. ती आत गेली, एका पोरीच्या खांद्याला हात लावला, आणि परत फिरली तेवढ्यात त्या कर्णधाराने झेप घेतली. मला मैदानाच्या कडेवरून स्पष्ट दिसलं. पकड पुरी बसली होती. तिने दोन्ही हातांनी प्रणालीचा डावा पंजा धरला होता. प्रणाली रेषेकडे अंग टाकत होती आणि ती मागे ओढत होती. पट्टी सुटली, खाली लोंबली. अर्ध्या हाताचं अंतर होतं आणि ते तुटणारं नव्हतं.

आणि तिने हात सोडला.

प्रणाली रेषेपलीकडे तोंडावर पडली. पंचाने गुण दिला, शिट्टी वाजली, आमच्या पोरी ओरडत एकमेकींच्या अंगावर पडल्या. पलीकडे त्यांचे प्रशिक्षक मैदानात धावत आले होते. "काहून सोडली? हातात होती ना! काहून सोडली तिले?" ती पोरगी टी-शर्टच्या टोकाने आपले तळहात पुसत होती. तिच्या हाताला प्रणालीचं रक्त लागलं होतं.

प्रणाली उठली. मला वाटलं आमच्याकडे येईल, पण ती सरळ पलीकडे गेली. तिचा चेहरा मी शाळेपासून ओळखतो, ती रागात होती. जिंकून एवढ्या रागात आलेली पोरगी मी पहिल्यांदा पाहिली. भांडण होईल म्हणून मी मागोमाग धावलो.

"काहून सोडलं मले?" प्रणालीने विचारलं. "दया केली का?"

त्या पोरीने प्रणालीचा हात हातात घेतला, उलटा केला, करंगळी उजेडाकडे धरली आणि ती जखम नीट पाहिली. मग विचारलं,

"किती एकर कापलं तुमी?"

प्रणालीने हात तिच्या हातातच राहू दिला. "दोन."

"आम्ही तीन," ती म्हणाली. "आमचं गाव लांब पडते ना."